तुकुमाची सनद आणि परदेशातला 'गुंतवणूकदार व्हिसा'

मंडळी, पोस्ट लांब आहे. रोवणी आटोपली असेल तर बसून वाचा.

आपल्या भागातले एक निवृत्त गुरुजी मध्यंतरी घरी आले. त्यांचा मुलगा दहा-बारा वर्षांपासून अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्याचा नंबर केव्हा लागेल ते कुणी सांगू शकत नाही. नात सतरा वर्षांची. एकवीस पूर्ण झाली की ती आईबापाच्या व्हिसातून बाहेर पडते, मग तिनं स्वतःचा व्हिसा शोधायचा नाहीतर परत यायचं. म्हणून आता मुलाची तिकडची बचत, नागपूरचा प्लॉट आणि इथली तलावाखालची बावीस एकर धानाची जमीन असा सगळा मेळ घालून गुंतवणुकीच्या वाटेनं जायचं चाललंय. गुरुजींचा प्रश्न साधा होता, "भाऊ, एवढे पैसे भरले तर कायमचं पक्कं होते का जी?"

मी वकील नाही, व्हिसा एजंट तर नाहीच नाही. जुने बंदोबस्ताचे कागद वाचायचा नाद आहे, एवढंच. पण हा प्रश्न ऐकला आणि वाटलं, अरे, हा सौदा तर आपल्याच मातीत झालेला आहे. गुरुजींची ती जमीनही बहुधा त्याच सौद्यातली.

तुकूम म्हटलं की आपल्याला चंद्रपूरची वस्ती आठवते. पण तुकूम हा मुळात जमिनीच्या हक्काचा शब्द. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गावांच्या नावामागे 'तुकूम' लागलेलं दिसतं ते त्यामुळंच. मेजर लुसी स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल लिहिला. त्यात त्यानं गोंड राजांची परंपरा लोकांच्या तोंडून ऐकून नोंदवली. खांडक्या बल्लाळशहानंतरचा हीरशहा. त्यानं सांगितलं, जो जंगल तोडून गाव वसवेल त्याला सनद देऊन गाव त्याच्याकडे. जो तलाव बांधेल त्याला तलावाखाली भिजेल ती जमीन. राजावळीतल्या सालांवर इतिहासकार वाद घालतात, घालू द्या. तुकुमाची पद्धत मात्र चालली, हे पाळींवरून आजही दिसतं.

आता ही योजना आजच्या भाषेत मांडून बघा. राजाकडे जंगल भरपूर, माणसं कमी. बाहेरून ज्याच्याकडे भांडवल, बैल, मजूर आणि कसब आहे त्यानं यावं. हा गुंतवणूकदार व्हिसाच झाला की! आपल्या पूर्वेकडच्या पट्ट्यात तलावांचे कसबी म्हणून कोहळी प्रसिद्ध, आणि कोहळी आपलं मूळ काशीकडचं सांगतात. म्हणजे 'अर्जदार' परमुलखातला, गुंतवणूक पाळीत, आणि बदल्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं राहणं.

किती लोकांचं पक्कं झालं? इथंच मजा आहे. सनद देणारा राजा १७५१ मध्ये गेला. नीलकंठशहाला हटवून रघुजी भोसल्यांनी चांदा घेतलं. १८०३ मध्ये इंग्रजांकडून हरल्यावर दुसऱ्या रघुजीच्या हातून कटक गेलं, वऱ्हाड गेलं. उरलेल्या मुलखातून पैसा काढायची घाई सुरू झाली. पाटलाला गाव मक्त्यानं मिळायचं, जास्त देणारा भेटला की दुसऱ्याला. आजोबानं जंगल तोडलं होतं हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. त्यात पेंढाऱ्यांच्या धाडी. गावं ओस पडली, पाळी फुटल्या.

१८५३ मध्ये तिसरा रघुजी निपुत्रिक वारला आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. मग १८६० च्या दशकातला बंदोबस्त. त्यात इंग्रजांनी उलटं केलं. काल जो मक्तेदार होता त्यातल्या अनेकांना गावाचा मालक, मालगुजार करून टाकलं. कुणी मालिक मकबुजा, कुणी मौरुसी रयत, अशा पायऱ्या लागल्या. त्या दिवशी ताब्यात कोण आहे आणि कागदात नाव कुणाचं, यावर पुढच्या नव्वद वर्षांचं भविष्य ठरलं. कुणाचं नशीब उघडलं, कुणाचं तलाव बांधूनही रयतेच्या खान्यात नाव गेलं.

आणि तेही कायम नव्हतं. ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले. आपण आज ज्यांना 'मामा तलाव' म्हणतो ते हेच, माजी मालगुजारी. (मामाचा इथं काही संबंध नाही, शाळेतली पोरं नेहमी विचारतात.) पण मालगुजाराची जी घरची, स्वतः कसलेली सीर-खुदकास्त जमीन होती ती त्याच्याकडेच राहिली. गावावरचा हक्क गेला, जंगलावरचा गेला, नांगराखालची जमीन टिकली. आणि ज्या शेतकऱ्याचा पाण्याचा हक्क निस्तार पत्रकात लिहिलेला होता, तो त्या कागदावर पुढंही बोलू शकला.

म्हणजे एकाच सौद्याच्या अटी अडीचशे वर्षांत तीनदा तरी बदलल्या. हे डोक्यात ठेवून आता अमेरिकेकडं वळू.

तिथल्या योजनेला ईबी-५ म्हणतात. कायदा १९९० चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागात ८ लाख डॉलर, इतरत्र साडेदहा लाख. आपल्या रुपयात कमीत कमी सात कोटींच्या आसपास, वर प्रकल्पवाल्यांचं शुल्क आणि वकील वेगळे. त्या पैशातून दहा पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहिल्या पाहिजेत. आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. मग नोकऱ्या झाल्याचं दाखवलं की अटी निघतात.

आता शक्यता. वर्षाला साधारण दहा हजार व्हिसे, त्यात बायकामुलंही मोजली जातात, आणि एका देशाला साधारण सात टक्के. त्यामुळं भारतीयांची साधी रांग बरीच मागं अडकलेली असते. पण २०२२ पासून २० टक्के व्हिसे ग्रामीण भागातल्या गुंतवणुकीसाठी राखीव आहेत. तिथं ग्रामीण म्हणजे मोठ्या शहराच्या पट्ट्याबाहेरची आणि २० हजारांखालच्या वस्तीची जागा. (आपली सावली तिकडं असती तर बसली असती व्याख्येत.) राखीव रांग मोकळी असेल, तर जो आधीच अमेरिकेत कायदेशीर व्हिसावर आहे तो गुंतवणुकीचा आणि ग्रीन कार्डाचा अर्ज सोबतच टाकू शकतो. गुंतवणुकीचा अर्ज प्रलंबित राहिला तितके दिवस मुलाच्या वयातून वजा धरतात. म्हणून गुरुजींच्या नातीसाठी ही वाट खोटी नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. सतराव्या वर्षी अर्ज टाकला तर हाती वेळ आहे. विसाव्या वर्षी धावपळ केली तर कठीण.

पण आपल्याकडं माणसं दोन गोष्टी एक समजतात. ग्रीन कार्ड मिळणं वेगळं, पैसे परत मिळणं वेगळं. कायद्याची अटच अशी की पैसा जोखमीत असला पाहिजे. "मुद्दल हमखास परत" असं लिहून घेतलं तर अर्जच बाद होऊ शकतो. म्हणजे जो एजंट हमी देतो तो एकतर खोटं बोलतो, नाहीतर तुमचा अर्ज बुडवतो. २०१६ मध्ये व्हरमाँट राज्यातलं जे पीक प्रकरण उघडं झालं. स्कीच्या रिसॉर्टसाठी अनेक देशांतल्या गुंतवणूकदारांकडून घेतलेले कोट्यवधी डॉलर भलतीकडं फिरवले गेले. तिथलं गुंतवणूक केंद्र खुद्द राज्य सरकारचं होतं! सरकारी शिक्का बघून निर्धास्त होणारे तिथंही होते.

आणि राजा बदलतो, ते तिथंही आहेच. जून २०२१ च्या अखेरीस या योजनेतल्या प्रादेशिक केंद्रांची मुदत संपली आणि मार्च २०२२ पर्यंत ती बंद पडून राहिली. अर्जदार तसेच लटकले. नव्या कायद्यात मुदत ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे, आणि ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना पुढं योजना बंद पडली तरी संरक्षण आहे. बंदोबस्ताच्या दिवशी मिसलीत नाव असणं, तसंच हे. इतर देशांचं तर विचारूच नका. कॅनडानं आपली केंद्रीय योजना २०१४ मध्ये बंद केली आणि रांगेतले हजारो अर्ज रद्द करून टाकले. ब्रिटननं फेब्रुवारी २०२२ मध्ये दार लावलं. पोर्तुगालनं २०२३ मध्ये घर घेऊन मिळणारा रस्ता काढून टाकला, स्पेननं एप्रिल २०२५ मध्ये सगळीच योजना गुंडाळली.

दुबईचं तुम्हाला आठवत असेल. जुलै २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, २३ लाखांत आजीवन गोल्डन व्हिसा. दोन दिवसांत तिथल्या सरकारनंच ते खोटं म्हणून सांगितलं. खरी अट मालमत्तेत २० लाख दिरहमची आहे, आणि मिळतो तो दहा वर्षांचा परवाना.

आपला देशही काही मागं नाही बरं का. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं परदेशी गुंतवणूकदारांसाठी 'कायम निवासी दर्जा' मंजूर केला. दीड वर्षात १० कोटी किंवा तीन वर्षांत २५ कोटी आणा, वर्षाला किमान वीस भारतीयांना काम द्या. नाव 'कायम', मुदत दहा वर्षं, मग नूतनीकरण.

आणि इथं मला राहवत नाही म्हणून लिहितो. आपल्याच तालुक्यात जंगलाला लागून अतिक्रमणाची जमीन कसणारा गैरआदिवासी माणूस वनहक्क कायद्याखाली दावा करतो, तेव्हा त्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. १९३० चा कागद! ढिवराच्या, माळ्याच्या घरात १९३० चा कागद कुठून येणार? परक्या गुंतवणूकदाराला दीड वर्ष, आणि याला पाऊणशे. कायद्याचे हेतू वेगळे आहेत हे मला कळतं, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की पोटात कालवतं.

परत गुरुजींकडं. जमीन विकायचीच तर पैशाचा उगम दाखवावा लागतो. सातबारा, फेरफार, खरेदीखत, बँकेत आलेली रक्कम, सगळं एका रेषेत. आपल्याकडं व्यवहारात अर्धी रक्कम 'वरून' घ्यायची सवय आहे. ती अर्धी रक्कम तिथं शून्य. भोगवटदार वर्ग दोनची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, आणि अशा कामासाठी १० लाखांवरच्या रकमेला २० टक्के कर आधीच कापून घेतात. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढा पैसा अडकतो. आणि एक हिशेब, एकरी दहा लाख धरले तरी सात कोटींना सत्तर एकर लागतात. कमाल जमीन धारणेत कोरडवाहूलासुद्धा कुटुंबाची मर्यादा ५४ एकर. नुसत्या शेतीवर हे कुणाचंच जमायचं नाही. आपल्या गावातून हा व्हिसा ज्याला जमेल त्याचा पैसा मुळात दुसरीकडं झालेला असेल.

माझं मत विचारलं म्हणून दिलं. मुलाची बचत आणि प्लॉट यांत भागत असेल तर वकील स्वतःचा लावून, एजंटाचा नव्हे, ग्रामीण रांगेत लवकर अर्ज टाका. बावीस एकराला हात लावायचा असेल तर किमान तलावाखालच्या बांध्या ठेवा. प्रकल्प बुडाला तर मुलगा तिकडं कमावून भरून काढेल, पाळीखालची जमीन मात्र परत घेता येत नाही. गुरुजी म्हणाले, "नातीचं वय थांबत नाही ना जी." तेही खरं. घरात अजून बोलणं चालू आहे.

एक विनंती. सावली, मूल, सिंदेवाही, व्याहाड, तिकडं वैनगंगेपल्याड गडचिरोलीकडं, कुणाच्या घरी तुकुमाची सनद, जुनी मिसल किंवा निस्तार पत्रकाची नक्कल असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, मीच येऊन बघून जाईन.