तळें कोणाचें?

पूर्व विदर्भांतील तळीं गोंड राजांच्या आश्रयानें कोहळ्यांनीं बांधलीं, हें आम्ही अभिमानानें सांगतों; पण त्याच पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जाळें टाकणाऱ्या ढिवरांचें स्मरण आम्हांस क्वचितच होतें. १९५१ सालीं मालगुजारी संपून तळीं सरकारकडे आलीं. पुढें मासेमारी सहकारी संस्थांकडे ठेक्यानें गेली, आणि अधिक उत्पन्नासाठीं रोहू, कतला, मृगळ यांचें बीज सोडण्यांत आलें. गाळ सांचला, बेशरमीनें कांठ व्यापले, देशी मासे विरळ झाले. अलीकडे भंडारा-गोंदियांतील कांहीं गांवीं ढिवर स्त्रियांनींच बेशरम उपटून पाणवनस्पति पुन्हा लावल्या, तेव्हां ते मासे परतूं लागले. कोणत्या वनस्पतीच्या आश्रयास कोणता मासा राहतो, हें ज्ञान त्यांच्याच घरीं टिकलें होतें. बांधणाऱ्यांइतकाच जपणाऱ्यांचाही इतिहास आम्हीं लिहावयास नको काय?