बोटीच्या कडेवरचा दीड फूट

आज एका अगदी छोट्या अंतराबद्दल बोलायचंय. पाण्याची पातळी आणि बोटीची कड, यांच्यामधलं अंतर. रबरी बोट असेल तर साधारण दीड फूट. बेशुद्ध पाणबुड्याला ओढत बोटीपर्यंत आणणं जमतं, पण हा दीड फूट चढवताना भले भले थकतात.

तुम्ही म्हणाल, देवळाली प्रवरात बसून याला पाणबुडे कुठून आठवले? समुद्र आमच्यापासून लांब आहे, कबूल. पण भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं, आणि त्या पाण्यावर आमच्या भागातला ऊस उभा राहिला. कालवा, विहीर, बंधारा हे आमचं रोजचं पाणी. कोणी बुडालं की काठावर गर्दी जमते, एखादा पट्टीचा पोहणारा उडी मारतो. पण उडी मारणाऱ्यालाच काही झालं तर त्याला वर कसं घ्यायचं, हे त्या गर्दीत फार थोड्यांना माहीत असतं.

आता जरा मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकातला पाणबुड्या म्हणजे तांब्याचं शिरस्त्राण, शिशाच्या तळव्यांचे बूट, आणि वर बोटीत हाताने हवेचा पंप मारणारी माणसं. ऑगस्टस सीबेने १८३० च्या दशकात हा पोशाख पक्का केला. त्या पोशाखात माणूस जड होता, हालचाल बेताची होती, पण त्याच्याजवळ एक गोष्ट होती: दोर. वरचा माणूस दोर हातात धरून बसायचा. ठरलेले हिसके यायचे. उत्तर आलं नाही तर वर ओढायचं. म्हणजे बचावाची सोय कामातच बांधलेली होती.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी घेऊन पोहण्याचं यंत्र तयार केलं. पाणबुड्या मोकळा झाला, माशासारखा हिंडू लागला. त्याच वेळी तो दोरही सुटला! माझ्या मते या शोधाची ही बाजू फार कमी सांगितली जाते. आता कोणी खाली बेशुद्ध झाला तर ओढायला वरच्याच्या हातात काहीच नाही. १९५३ साली ब्रिटनमध्ये पाणबुड्यांचा मोठा क्लब निघाला. असे क्लब वाढले तसं जोडीदाराला वर आणण्याचं, ओढत नेण्याचं शिक्षण प्रशिक्षणात आलं.

पण बोटीत घेणं? तिथे आर्किमिडीज आडवा येतो. पाण्यात माणूस जवळजवळ बिनवजनाचा असतो. जसजसा बाहेर येतो तसतसं वजन परत येतं. सत्तर किलोचा माणूस, वर टाकी, कमरेला शिशाचा पट्टा, आणि शुद्ध नसल्यामुळे पोत्यासारखा सैल. दोघंतिघं एकाच बाजूला वाकले की छोटी बोट कलंडते. म्हणून आधी शिशाचा पट्टा सोडायचा, टाकी उतरवायची, आणि मगच माणूस.

उचलायचा कसा, यातही गोष्ट आहे. ऑगस्ट १९७९ मध्ये ब्रिटनजवळच्या फास्टनेट शर्यतीत शिडाच्या ३०३ बोटी वादळात सापडल्या आणि १५ खलाशी गेले. त्यातले काही जण तर मदतीचं जहाज शेजारी आल्यावर, वर चढता-चढता गेले. फ्रँक गोल्डन या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरांनी अशा मृत्यूंचा पाठपुरावा केला. कारण साधं आहे. पाण्याचा दाब पायांना सगळीकडून आवळून धरतो, रक्त वर हृदयाकडे राहतं. बराच वेळ गार पाण्यात असलेल्या माणसाला काखेत धरून सरळ उभा वर ओढला की तो दाब एकदम जातो, रक्त पायात उतरतं, आणि थकलेलं हृदय थांबू शकतं. म्हणून जमेल तेव्हा आडवाच घ्यायचा. जुन्या खलाशांची युक्ती इथे कामी आली: पिंप जहाजावर चढवताना ते दोराच्या फासात गुंडाळून गडगडत वर घ्यायचे. तसंच जाळी किंवा ताडपत्री बोटीच्या कडेला बांधायची, मोकळं टोक त्याच्या अंगाखालून घ्यायचं आणि ओढायचं. माणूस लोळत आत येतो.

मात्र श्वास चालू नसेल तर आडवं-उभं बघत बसायचं नाही. लवकर आत घ्यायचं आणि तोंडाने श्वास द्यायला लागायचं. बुडालेल्याचं पोट दाबणं, उलटं धरून गरगर फिरवणं हे आपल्याकडे अजून चालतं. त्यात हातची मिनिटं जातात.

हे सगळं बोट सुलटी असेल तर. आता आपल्या नदीकडे येऊ. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगाव बुद्रुकला प्रवरेत तरुण बुडाले. २३ मे रोजी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं धुळ्याहून आलेलं पथक शोधाला उतरलं आणि त्यांचीच बोट उलटली. दलाचे तीन जवान गेले. शिकलेली, तयारीची माणसं होती ती.

बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी तळाशी जातं, वर येतं आणि परत बंधाऱ्याकडेच वळतं. बोट त्यात शिरली की पाणी तिला मागे, पडत्या धारेखाली खेचतं. १९७५ साली अमेरिकेत बिंगहॅम्टन इथे सस्क्वेहाना नदीवरच्या एका ठेंगण्या बंधाऱ्याखाली असंच झालं. बचावाला गेलेली अग्निशमन दलाची बोट उलटली. ते चित्रण पुढे बचाव पथकांना शिकवताना दाखवलं जाऊ लागलं. बंधारा बघा, किती निरुपद्रवी दिसतो! पोरं त्यावरून गाड्या घालतात.

तिकडची पथकं अशा जागी बोट नुसती सोडत नाहीत. दोन्ही काठांवरून दोर बांधतात, काठावरची माणसं ती इंचाइंचाने पुढे देतात आणि बिघडलं की मागे ओढतात. आधी मात्र काठावरूनच दोर फेकून पाहतात.

पुढच्या भागात भंडारदऱ्याच्या दगडी भिंतीची गोष्ट. भेटू.