वस्ती-केंद्र आणि ज्ञानसंस्था : नागपाडा नेबरहुड हाऊसचा ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना

भारतातील समाजकार्य-शिक्षणाचा इतिहास सामान्यतः १९३६ पासून सांगितला जातो. त्या वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले व १९४४ मध्ये त्याचे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे नामांतर झाले. हे विद्यालय ज्या वास्तूत जन्मले ती एका गजबजलेल्या, गरीब वस्तीतील सामुदायिक केंद्राची होती, ही बाब मात्र बहुधा एका वाक्यात आटोपली जाते. या केंद्राकडे केवळ एका मोठ्या संस्थेची पूर्वपीठिका म्हणून न पाहता, वस्तीत केंद्र चालविणे म्हणजे काय, या प्रश्नाचा स्वतंत्र प्रयोग म्हणून पाहावे, असा प्रस्तुत निबंधाचा आग्रह आहे.

चळवळीची पार्श्वभूमी

१८८४ मध्ये सॅम्युएल व हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने लंडनच्या व्हाइटचॅपल भागात टॉयनबी हॉलची स्थापना केली. सुशिक्षितांनी गरीब वस्तीला अधूनमधून भेट देण्याऐवजी तेथेच शेजारी म्हणून राहावे, हे तिचे मूलतत्त्व होते. याच प्रेरणेतून जेन ॲडम्स व एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोत हल हाऊस सुरू केले. सेवा आणि सामाजिक अभ्यास एकाच छताखाली नांदू शकतात, हे या केंद्रांनी दाखवून दिले.

मुंबईत या विचाराला अनुकूल भूमी आधीच तयार होत होती. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये व कामगारांसाठीचे उपक्रम यांद्वारे लीगने गिरणगावात काम उभे केले. त्यामुळे नागपाड्यातील प्रयोग हे सर्वस्वी परदेशी रोपटे होते, असे म्हणता येणार नाही.

नागपाड्यातील प्रयोग

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याची पहिली योजना नागपाड्याचीच होती. दाटीवाटीची, रोगट ठरविलेली घरे पाडून रस्ते रुंद करणे, ही त्या सुधारणेची रीत. म्हणजे बाहेरून आलेली 'सुधारणा' या वस्तीने पूर्वीच अनुभवली होती. अशा ठिकाणी अमेरिकन मराठी मिशनने १९२६ मध्ये नेबरहुड हाऊस स्थापन केले. शिकागोत शिक्षण घेतलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे संचालक होते.

वाचनालय, खेळ, वर्ग व व्याख्याने असे केंद्राच्या कामाचे स्वरूप होते. परिसरात मुस्लिम, ज्यू, हिंदू व ख्रिस्ती लोक शेजारी राहत. अशा वस्तीत मिशनच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक होते. केंद्राचे काम धर्मांतराचे साधन होऊ न देणे, ही म्हणूनच केवळ उदारता नव्हती. केंद्र चालण्याची ती पूर्वअटच होती. १९३२ च्या दंगलींनी मुंबई होरपळली. त्यानंतर १९३६ मध्ये मॅनशार्ट यांचे हिंदू-मुस्लिम प्रश्नावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, ही गोष्ट या संदर्भात लक्षणीय आहे.

मॅनशार्ट यांनी संपादित केलेले 'बॉम्बे टुडे अँड टुमॉरो' (१९३०), 'बॉम्बे लुक्स अहेड' (१९३४) व 'द बॉम्बे म्युनिसिपॅलिटी ॲट वर्क' (१९३५) हे व्याख्यानसंग्रह पाहिले असता केंद्राचा आणखी एक पैलू ध्यानात येतो. शहराचा कारभार हा वस्तीतून विचारण्याचा विषय आहे, अशी त्यामागील भूमिका दिसते. नागपाड्याने पुढे देशाला नामवंत बास्केटबॉलपटू दिले. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविणारे अब्बास मुंतसिर हे त्यांपैकी एक होत.

स्थलांतराचा प्रश्न

केंद्र चालविण्यासाठी सदिच्छा पुरत नाही. प्रशिक्षित, पूर्णवेळ कार्यकर्ते लागतात. या जाणिवेला सर दोराबजी टाटा ट्रस्टचे पाठबळ मिळाले आणि विद्यालय उभे राहिले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते आणि संचालकपदही मॅनशार्ट यांच्याकडेच होते. १९४१ मध्ये ते डॉ. जे. एम. कुमारप्पा यांच्याकडे गेले. संस्था वाढली, अंधेरीला गेली व १९५४ मध्ये देवनारला स्थिरावली. १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. जागेची गरज पाहता हे स्थलांतर समजण्यासारखे आहे. तथापि, वस्तीत जन्मलेले ज्ञान वस्तीबाहेर गेले आणि विद्यार्थ्यासाठी वस्ती हे 'क्षेत्रकार्याचे ठिकाण' बनले, हेही तितकेच खरे.

शिकागोत हीच प्रक्रिया अधिक कठोरपणे घडली. १९६० च्या दशकात विद्यापीठाच्या नव्या परिसरासाठी हल हाऊसच्या बहुतेक इमारती पाडण्यात आल्या व भोवतालची वस्तीही विस्थापित झाली. तिचा वारसा सांगणारी संघटना मुख्यतः शासकीय निधीवर विसंबून होती. निधी आटल्यावर २०१२ मध्ये ती बंद पडली. वास्तूचे संग्रहालय उरले. केंद्र उरले नाही.

देवनारचा इतिहास याहून वेगळे वळण घेतो. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी, मानखुर्द व देवनारचा समावेश असलेला एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत तळाशी आढळला. संस्था नेमकी याच विभागात आहे. २०११ मध्ये, स्थापनेच्या पंचाहत्तराव्या वर्षी, तिने याच विभागासाठी परिवर्तन प्रकल्प हाती घेतला. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी जी गोष्ट गृहीत होती, ती आता 'प्रकल्प' म्हणून नव्याने योजावी लागली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सामुदायिक केंद्राचे बळ एखाद्या उपक्रमापेक्षा त्याच्या सातत्यपूर्ण उपस्थितीत असते. दुसरी, विविधधर्मी वस्तीत चालकांच्या हेतूविषयीचा विश्वास हीच केंद्राची खरी पुंजी होय. तिसरी, एकाच स्रोताच्या निधीवर उभे असलेले केंद्र त्या स्रोताबरोबरच कोसळते.

हा धडा महाविद्यालयांनाही लागू पडतो. १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजनेद्वारे आपले विद्यार्थी गावांत व वस्त्यांत जात आहेत. सात दिवसांचे विशेष शिबिर संपते, अहवाल सादर होतो आणि पुढील वर्षी कित्येकदा गाव बदलते. महाविद्यालयाच्या भिंतीलगतच्या वस्तीत एक खोली, एक वाचनालय व ठरलेल्या वेळी उघडणारे दार एवढे जरी वर्षानुवर्षे टिकविता आले, तरी नागपाड्याच्या प्रयोगाशी आपले नाते केवळ संदर्भापुरते राहणार नाही.