कारागिराचा करार आणि जुन्नरचा कागद

जुन्नर शहराभोवतालच्या डोंगरांत मानमोडी, तुळजा, शिवनेरी आणि लेण्याद्री या ठिकाणी बौद्ध लेण्यांचे समूह आहेत. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून जाणारे भाविक गिरिजात्मजाचे दर्शन घेतात आणि समोरच्या खोऱ्यावर एक नजर टाकून परत फिरतात. जुन्नरच्या लेण्यांतील भिंतींवर कोरलेल्या ब्राह्मी अक्षरांकडे फारसे कोणी पाहत नाही. ज्या इतिहासाविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे, त्याचा आरंभ मात्र त्या अक्षरांतच आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे दानलेख आहेत. एका लेखात धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचे नमूद आहे. दुसऱ्या एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. अशा ठेवीचे उत्पन्न भिक्षुसंघाला कायम मिळत राहावे, ही दात्याची अपेक्षा असे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. राजाकडे किंवा सावकाराकडे न जाता दात्याने आपले पैसे टोपल्या विणणाऱ्यांच्या आणि भांडी घडविणाऱ्यांच्या हाती का दिले असतील? माणूस मरतो, पण श्रेणी राहते, हा विश्वास त्यामागे होता. आणि श्रेणी राहते ती एकाच कारणाने. जुना हात थकण्यापूर्वी तो नवा हात तयार करतो.

हा नवा हात कसा तयार करावा, याचे नियम आपल्याकडे फार पूर्वी लिहिले गेले. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील नारदस्मृतीत शिकाऊ कारागिरास ‘अंतेवासी’ म्हटले आहे. आपल्या नातलगांची संमती घेऊन त्याने आचार्याकडे जावे, किती काळ राहावयाचे ते आधी ठरवावे आणि मुदत संपेपर्यंत तेथेच राहावे. विद्या लवकर साध्य झाली तरी मुदत पुरी करावी, आणि त्या काळातील कामाचे फळ आचार्याचे. आचार्यानेही त्याला आपल्या घरी जेवू घालावे, पुत्रासारखे वागवावे आणि शिकवावयाच्या कामाखेरीज दुसरे काम त्याच्याकडून करून घेऊ नये. आजच्या भाषेत सांगावयाचे तर हा मालक, शिकणारा आणि त्याचे पालक यांच्यातील करार होय. शिकणाऱ्याचे श्रम स्वस्त असतात, म्हणूनच त्यांचा गैरवापर होऊ शकतो, हे त्या शास्त्रकाराने नेमके ओळखले होते.

पुढे गावगाड्यात ही विद्या बलुत्याच्या चौकटीत बंद झाली. सुताराचा मुलगा सुतार आणि लोहाराचा मुलगा लोहार झाला. शिक्षण फुकट मिळाले, पण दार एकाच घराचे उघडे राहिले. बाहेरच्या मुलाला त्या दारातून प्रवेश नव्हता आणि आतल्या मुलाला दुसरी वाट नव्हती. जुन्या व्यवस्थेचे गुणगान करताना ही बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मध्ययुगात आणि मराठेशाहीत जुन्नरचे नाव गाजले ते कागदासाठी. पेशव्यांच्या दफ्तरांत ‘जुन्नरी’ कागदाचा उल्लेख दौलताबादी कागदाच्या बरोबरीने येतो. हा कागद करणारे कागदी बहुतांशी मुसलमान होते. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा आजही त्यांच्या व्यवसायाचे नाव सांगतो. जुने दोर, गोणपाट आणि चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवावयाच्या, पायाने चालविण्याच्या ढेकीखाली कुटावयाच्या, वाहत्या पाण्यात धुवावयाच्या आणि पुन्हा कुटावयाच्या. मग हौदातील लगद्यात गवताच्या काड्यांची चाळण बुडवून एका लयीत ती वर उचलावयाची. ओला ताव भिंतीवर वाळवावयाचा, त्याला खळ लावावयाची आणि गुळगुळीत दगडाने तो घोटावयाचा, म्हणजे बोरूची शाई त्यावर फुटत नसे. लगदा किती दाट असावा, चाळण कोणत्या क्षणी उचलावी, हे कोणत्याही पोथीत लिहून ठेवलेले नव्हते. ते बापाच्या मनगटातून मुलाच्या मनगटात उतरत होते. ज्यांनी साऱ्या राज्याला लिहिण्यासाठी कागद पुरविला, त्यांच्या स्वतःच्या विद्येचा मात्र एकही कागद झाला नाही.

एकोणिसाव्या शतकात हा धंदा बसला. गिरणीचा कागद स्वस्त होता. १८८० च्या दशकात पुण्याजवळ मुंढव्यालाच कागदाची गिरणी उभी राहिली. देशातील अनेक तुरुंगांत कैद्यांकडून हातकागद करून घेतला जाऊ लागला आणि तो सरकारी कचेऱ्यांत वापरला जाऊ लागला. स्पर्धेत धंदे बुडतात, हे जगरहाटीला धरूनच आहे. आमचे दुःख निराळे आहे. शतकानुशतके हा कागद विकत घेणाऱ्या दरबारांनी आणि कचेऱ्यांनी त्याची किंमत मोजली, पण तो करणाऱ्या हाताच्या पुढील पिढीची जबाबदारी कधी घेतली नाही. गिऱ्हाईक फिरले तेव्हा मुलाने हौदाशी उभे राहण्याचे कारणच उरले नाही. पुढे राष्ट्रीय चळवळीच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून १९४० साली पुण्यात हातकागद संस्था स्थापन झाली आणि ही कला शिकवली जाऊ लागली. घराण्यात अडकलेली विद्या शाळेत आली, पण तोवर अनेक हौद कोरडे पडले होते.

याच काळात कायद्याने शिकाऊ कामगाराकडे पाहावयास आरंभ केला. १८५० च्या कायद्यान्वये दहा ते अठरा वर्षांच्या मुलांना, विशेषतः अनाथ आणि गरीब मुलांना, जास्तीत जास्त सात वर्षांच्या मुदतीने कारागिराकडे बांधून देता येत असे. त्यानंतर दोनच वर्षांनी, ८ फेब्रुवारी १८५२ रोजी, इटलीतील तुरीन शहरात संत जॉन बॉस्को यांनी एका मुलासाठी सुतारकामाचा करारनामा केला. मालक, मुलगा, त्याचा बाप आणि डॉन बॉस्को असे चौघे त्यात बांधले गेले. मालकाने मुलाला त्याच्या धंद्याचेच काम द्यावे, चूक झाल्यास शब्दांनी सुधारावे, हात उगारू नये, सणावारी सुटी द्यावी आणि वर्षातून पंधरा दिवस रजा द्यावी, अशी कलमे त्यात होती. नारदाच्या नियमांशी त्यांचे किती साम्य आहे! एक मात्र नवे होते. मुलाच्या बाजूने उभा राहणारा, करार पाळला जातो की नाही हे पाहणारा जामीन. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात जुन्या कारागीरसंघांच्या नाशाने कामगार एकाकी पडल्याचे लिहिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर याच जामिनाची उणीव असावी, असे आम्हांस वाटते.

स्वतंत्र भारतात ही जागा शासनाने घेतली. १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था आल्या. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. सध्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतले पाहिजेत आणि त्यांना विद्यावेतन दिले पाहिजे. जात न विचारता कोणाच्याही मुलाला फिटर, वीजतंत्री किंवा सांधाता होता येते, ही बलुत्याच्या भिंतीला पडलेली मोठी खिंड होय. जुन्नर आणि आंबेगावच्या मुलांना हे काम आज घराजवळ साखर कारखान्यांतही आहे आणि खोडदच्या महाकाय दुर्बिणीपाशीही. अधिक मुले चाकण आणि रांजणगावच्या वाटेने जातात.

परंतु कायदा झाला म्हणून करार पाळला जातोच असे नाही. शिकाऊ म्हणून घ्यावयाचे, वर्षभर एकाच यंत्रापाशी एकच काम करवून घ्यावयाचे आणि मुदत संपताच दुसरा शिकाऊ आणावयाचा, हा प्रकार औद्योगिक पट्ट्यांत परिचित आहे. नारदाने निषिद्ध ठरविलेली गोष्ट ती हीच. उलट बाजूही सांगितली पाहिजे. प्रमाणपत्र हाती येताच शिक्षण संपले असे मानणारा उमेदवारही करार मोडतोच. कागदीपुऱ्यात विद्या होती, कागद नव्हता. आज कित्येकदा कागद असतो, विद्या नसते.

आंबेगावच्या पश्चिम भागाने याला एक उत्तर दिले आहे. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले. तालुक्याला त्याचे नाव राहिले आणि कारभार घोडेगावी चालतो. जमिनी गेलेल्या आदिवासी कुटुंबांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या साह्याने जलाशयातील मासेमारी शिकून घेतली आणि सहकारी संस्था उभारली. काही घरांनी एकत्र येऊन आळीपाळीने एकमेकांच्या उतारावर भातखाचरे बांधावयाची, ही ‘पडकई’ची जुनी रीतही तेथे नव्याने बळकट झाली. २०१२ साली ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. पडकईत मालक कोण आणि शिकाऊ कोण? आज ज्याच्या खाचरात मुलगा बांध रचावयास शिकतो, तोच उद्या त्याच्या बापाच्या खाचरात राबतो. शिकविण्याचा खर्च सर्वांनी वाटून घेतलेला असतो.

२०१५ पासून कामातून मिळविलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय झाली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांना प्रशिक्षण, विद्यावेतन आणि अवजारांसाठी साह्य मिळते. त्या अठरांत टोपल्या विणणारे आहेत, मासेमारीचे जाळे विणणारेही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरच्या भिंतीवर ज्यांचे नाव कोरले गेले, त्या बांबूकारांच्या वारसांची नोंद पुन्हा एकदा सरकारदरबारी झाली, याचा आम्हांस आनंद होतो. कागदी मात्र त्या यादीत नाहीत.

नाझरेथच्या सुताराच्या घरी एक मुलगा रंधा धरावयास शिकला, हे आपण सारे जाणतो. शिकविणाऱ्याने त्याला पुत्रासारखे वागविले. आपल्या दुकानात, शेतात वा कारखान्यात कोणी शिकावयास येईल तेव्हा त्याच्या मजुरीच्या हिशेबाबरोबर आणखी एक हिशेब आपण ठेवावा. आज त्याला काय शिकविले?