पकडीची चाकरी : महाड-पोलादपूर आणि कबड्डीतील बचावपटूचा पेशा

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या अकरा खेळाडूंपैकी पहिली फळी प्रतिस्पर्ध्याला थेट भिडते आणि तिच्या मागे काही पावलांवर ‘लाइनबॅकर’ उभा राहतो. फळी भेदून चेंडू पुढे नेऊ पाहणाऱ्याला कवेत घेऊन खाली पाडणे हे त्याचे मुख्य काम असते. अंगाने अंग अडवण्याचे हे कौशल्य महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत ज्या खेळाने जोपासले, तो म्हणजे हुतूतू, म्हणजेच आजची कबड्डी. तिच्यात चढाई करणारा गुण टिपून टाळ्या घेतो. त्याला रोखणारे मात्र कोपरारक्षक, म्हणजे फळीच्या दोन टोकांना उभे राहून प्रामुख्याने घोट्याची किंवा मांडीची पकड करणारे, आणि त्यांच्या आतल्या बाजूचे मध्यरक्षक, म्हणजे परतणाऱ्याच्या वाटेत शरीर घालून त्याला मध्यरेषेपासून तोडणारे खेळाडू असतात. या बचावपटूच्या कारकिर्दीचा इतिहास पाहू गेल्यास तो खेळाच्या डावपेचांपेक्षा, त्याला वेळोवेळी पोसणाऱ्या धन्यांचा इतिहास अधिक ठरतो.

खेळाचा मूळ हंगाम भातशेतीने ठरवून दिलेला होता. पावसाळ्याचे चार महिने खाचरे पाण्याखाली असत. कापणी उरकल्यावर तीच जमीन पाणी मारून, चोपून सपाट केली जाई, फक्कीने रेषा आखल्या जात आणि शिमग्यापर्यंत वाडीवाडीचे संघ एकमेकांशी भिडत. वाड्यांची वस्ती बहुतांशी जातवार असल्याने संघही तसेच बनत, ही बाब महाडच्या संदर्भात विसरता येत नाही. ज्या गावात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच परिसरातला हा खेळ मात्र पूर्णपणे स्पर्शावर उभा आहे, कारण स्पर्शाने गडी बाद होतो आणि मिठीने चढाई संपते. कबड्डीने जातिभेद पुसला असे विधान उत्सवी भाषणांत सहज केले जाते; पण कोणी कोणाशी खेळायचे हे मैदानाबाहेर आधीच ठरत असेल, तर मैदानावरील स्पर्शाला मर्यादितच अर्थ उरतो.

हा गावखेळ नियमबद्ध झाला तो बडोदे, अमरावती आणि पुण्या-मुंबईकडील व्यायामसंस्थांच्या हातून. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने स्पर्धा भरवून नियमांना वळण दिले, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक केले आणि १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. त्यापूर्वी खेळाचे तीन प्रकार शेजारी शेजारी नांदत होते : बाद झालेला गडी अजिबात बाहेर न जाणारा ‘अमर’, बाद गडी संपूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसवणारा ‘गामिनी’ आणि प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी परत आत आणणारा ‘संजीवनी’. यांपैकी संजीवनी प्रमाण ठरला, आणि बचावपटूचे महत्त्व वाढण्यामागे हा निर्णय जितका कारणीभूत आहे तितका दुसरा कोणताही नसावा, कारण आता एका पकडीने गुण मिळे, समोरचा चढाईपटू बाहेर बसे आणि आपला बसलेला गडी उठे. पुढे या खेळाच्या संघटनेला आयुष्य वाहिलेल्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

तथापि पकडीवर पोट भरण्याची सोय गावात नव्हती. ती मुंबईत होती. एकपिकी भातशेती आणि तुकड्या-तुकड्यांची जमीन यांमुळे महाड-पोलादपुरातील पुरुष एकोणिसाव्या शतकापासून फौजेत आणि मुंबईच्या गिरण्यांत जात आले. महाड तालुक्यातील आंबावडे गावाला सैनिकांमुळे ‘फौजी आंबावडे’ हे नाव पडले ते याच परंपरेतून, तर गिरणीत गेलेला चाकरमानी लालबाग, परळ, नायगावच्या चाळींत गावकीच्या खोलीवर राहून गणपती-शिमग्याला परतत असे. गिरणगावातल्या व्यायामशाळा आणि क्रीडा मंडळांत या कोकणी श्रमिकांनी आपला खेळ रुजवला, गिरण्यांनी आणि पुढे अन्य कारखान्यांनी आपापले संघ बांधले, आणि १९५३ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या कामगार कल्याण मंडळाने कामगारांच्या स्पर्धांना नियमित व्यासपीठ दिले. चांगल्या खेळाडूला खात्यात चिकटवून घेतले जाई. त्याचा पगार कामगाराचा आणि ओळख खेळाडूची असे. अर्थात गिरणीही भेदापासून मुक्त नव्हती : धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते या सबबीवर दलित कामगारांना चांगल्या पगाराच्या विणखात्यापासून दीर्घकाळ दूर ठेवले गेले होते.

या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला की घाटाखालच्या गावात घडलेला खेळाडू नोंदींमध्ये मुंबईचा ठरला. राज्य संघटनेचे सभासदत्व जिल्हावार असल्याने आणि मुंबईचे शहर व उपनगर असे दोन स्वतंत्र जिल्हासंघ असल्याने, परळमध्ये राहणाऱ्या पोलादपूरच्या मुलाचे नाव रायगडच्या खाती येण्याचे कारणच उरत नसे. पोलादपूरच्या क्रीडा-इतिहासात दिसणारी पोकळी म्हणजे खेळाडूंचा अभाव असे समजणे त्यामुळे चुकीचे ठरेल.

अमेरिकेतील लाइनबॅकरचा पेशाही अशाच कामगार वस्त्यांतून वर आला, हे साम्य लक्षणीय आहे. फिलाडेल्फियाकडून १९४९ ते १९६२ या काळात खेळलेला चक बेडनरिक हा पोलादाच्या कारखान्यात राबणाऱ्या स्लोव्हाक स्थलांतरिताचा मुलगा होता आणि हंगाम संपला की तो काँक्रीट विकण्याची नोकरी करी. सॅम हफ हा वेस्ट व्हर्जिनियातील कोळसा खाणकामगारांच्या वस्तीत वाढला. पुढे दूरचित्रवाणीच्या पैशाने तिथला खेळाडू जोडधंद्यातून सुटला, पण शरीराने किंमत मोजायची ती मोजलीच : शिकागोच्या डिक बटकसची कारकीर्द गुडघ्याने १९७३ मध्ये नऊ हंगामांनंतर संपवली. भारतीय वंशाच्या पित्याचा मुलगा ब्रँडन चिलर २००४ पासून सेंट लुईस आणि नंतर ग्रीन बे या संघांकडून लाइनबॅकर म्हणून खेळला आणि पुढे भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग रुजवण्याच्या उद्योगात सामील झाला. त्या लीगचा पहिला हंगाम २०१२ मध्ये कोलंबोत खेळवला गेला आणि पुणे मराठाज या संघाने तो जिंकलाही. परंतु ज्या खेळामागे ना वाडी होती ना नोकरी, तो महाराष्ट्रात टिकला नाही यात नवल नाही.

इकडे मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि कबड्डीपटूचा पहिला मोठा धनी हळूहळू नाहीसा झाला. त्याची जागा घेतली ती सार्वजनिक उपक्रमांनी, रेल्वेने, पोलीस दलाने, बँकांनी आणि महिंद्रसारख्या मोजक्या खासगी कंपन्यांनी. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश होऊन भारताला सुवर्णपदक मिळाल्यावर या खेळाडूभरतीला अधिक प्रतिष्ठा लाभली, तर राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ठेवलेल्या ५ टक्के आरक्षणाने स्पर्धांच्या प्रमाणपत्राला रोकड मोल आणले. खाचरातल्या सामन्यात घोटा पकडायला शिकलेल्या मुलाचे लक्ष्य आता ‘भरती’ हे झाले.

तिसरा टप्पा २६ जुलै २०१४ रोजी सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगचा. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली १२ लाख ८० हजार रुपयांची, राकेश कुमारवर लागली होती. आणि चारच वर्षांत, २०१८ मध्ये, एक कोटीची मर्यादा ज्याच्या नावावर प्रथम गाठली गेली तो चढाईपटू नव्हता, तर यू मुंबाने घेतलेला इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली होता. २०२३ मध्ये त्याचाच देशबंधू मोहम्मदरझा शादलूई याच्यासाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. पकडीला एवढा भाव येण्यामागे नियमांचाही हात आहे : पूर्वी दम टिकेल तितकी चालणारी चढाई ३० सेकंदांत बांधली गेली, लागोपाठ दोन चढाया निष्फळ गेल्यास तिसरीत गुण मिळवणे सक्तीचे झाले, आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असता केलेल्या ‘अव्वल पकडी’ला जादा गुण मिळू लागला. मातीची जागा मॅटने घेतल्यावर घसरत जाऊन पाय धरण्याची जुनी रीत मागे पडली आणि बुटांतल्या पकडदार पायाने वेळ साधून केलेली धडक पुढे आली. मॅटचा सराव मिळणे हे जिथे मैदानच वर्षातले काही महिने शेत असते अशा तालुक्यांतील मुलांसाठी नवे कुंपण ठरले.

लिलावातील करार मात्र थोड्या हंगामांचा असतो, आणि गुडघा किंवा खांदा गेला की तो संपतो, तर क्रीडा कोट्यातून शासकीय नोकरीत शिरलेला बचावपटू तिशीत मैदान सोडूनही साधारणपणे ५८ व्या वर्षापर्यंत पगारावर राहतो. अनेक व्यावसायिक खेळाडू लीगमध्ये खेळतानाही पोलीस, रेल्वे किंवा कंपनीची नोकरी सोडत नाहीत, त्याचे कारण हेच. मुलींपुढे तर लीगचा पर्यायही उभा राहिला नाही : २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांची तीन संघांची स्पर्धा घेण्यात आली, पण ती त्या एकाच हंगामापुरती ठरली, आणि त्यानंतर पकड चांगली असलेल्या मुलीसाठी पोलीस, रेल्वे आणि शासनाची भरती हीच कमाईची मुख्य वाट राहिली.