क्यूएसएल कार्ड

रेडिओ संदेश किंवा प्रक्षेपण ऐकू आल्याची पोच देणारे, पोस्टकार्डाच्या आकाराचे छापील पत्र. बिनतारी तारायंत्राच्या क्यू-संकेतावलीतून (पहा : मॉर्स संकेत) हे नाव हौशी रेडिओत रूढ झाले. 3 ते 30 मेगाहर्ट्‌झच्या लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होत असल्याने (पहा : आयनांबर) हजारो किलोमीटरवरील केंद्र घरच्या संचावर लागते. श्रोता तारीख, जागतिक प्रमाणवेळ, वारंवारता आणि कार्यक्रमाचा तपशील कळवतो. नुसते ‘स्पष्ट ऐकू आले’ पुरत नाही. तीव्रता, व्यत्यय, गोंगाट, क्षीणन व एकूण दर्जा यांना सिन्पो पद्धतीने 5 ते 1 अंक देतात. नोंदी जुळल्या की केंद्र कार्ड धाडते. आकाशवाणीही अशी कार्डे देत आली आहे. हौशी केंद्रचालकांच्या कार्डावर संकेतनाम ठळक असते. भारतीय संकेतनामे बहुधा ‘व्हीयू’ने सुरू होतात. डीएक्ससीसी या हौशी रेडिओतील सन्मानासाठी 100 देश-प्रदेशांशी झालेल्या संपर्कांची खातरजमा लागते. ती आता संगणकीय नोंदींनीही होते.