बहात्तर सालचे मुंबईतील एक ध्वनिमुद्रण

१९७२ हे साल उच्चारले की नांदेड-लातूरकडे आजही प्रथम दुष्काळच आठवतो: मिलोची भाकरी, सुकडी, दुष्काळी कामांवरची खडी. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याच वर्षी राज्याच्या राजधानीत एक ध्वनिमुद्रण झाले. त्याची वार्ता मराठवाड्यात पोहोचण्याचे काही कारण नव्हते. खुद्द मुंबईतही ती फारशी कुणाला लागली नाही. आजचा धागा त्याविषयी.

‘लेड झेपेलिन’ हा ब्रिटिश हार्ड रॉक वाद्यवृंद १९६८ मध्ये स्थापन झाला. गिटारवर जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लांट, बेस आणि की-बोर्डवर जॉन पॉल जोन्स, ड्रमवर जॉन बॉनम. १९७१ च्या चौथ्या अल्बमनंतर त्यांची गणना जगातील सर्वांत लोकप्रिय वाद्यवृंदांत होऊ लागली. पुढे ज्याला हेवी मेटल म्हटले गेले, त्याच्या पायाचे बरेच दगड यांनीच बसवले.

या वाद्यवृंदाचा भारताशी संबंध मात्र पहिल्या अल्बमपासूनचा आहे. १९६९ च्या त्या अल्बमवरील ‘ब्लॅक माउंटन साइड’ या वादनरचनेत तबला आहे. तो विराम जसानी यांनी वाजवला, आणि अल्बमवर त्यांचे नावही छापले गेले. हा तपशील लक्षात ठेवावा.

१९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले. कुलाब्यातील ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये त्यांनी स्थानिक वादकांच्या साथीने वादन केले, हा किस्सा मुंबईच्या रॉकवेड्या पिढीने पुढे अनेक वर्षे रंगवून सांगितला. इतिहासाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट मात्र स्टुडिओत घडली. पंडित रविशंकरांचे शिष्य, बासरीवादक आणि फिल्म्स डिव्हिजनचे संगीतकार विजय राघव राव यांच्या साहाय्याने मुंबईचे वादक जमवण्यात आले. त्यांच्यासह ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या दोन जुन्या रचना नव्याने बांधण्यात आल्या.

‘फोर स्टिक्स’ची निवड सूचक आहे. ही रचना पाच आणि सहा मात्रांच्या गटांत आलटूनपालटून फिरते. मूळ ध्वनिमुद्रणात बॉनमने प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या धरून ती वाजवली. नाव त्यावरूनच पडले. पाश्चात्त्य रॉकच्या चार मात्रांच्या सवयीला ही चाल अवघड जाते. आपल्याकडे पाच मात्रा म्हणजे अर्धा झपताल आणि सहा मात्रा म्हणजे दादरा! तबल्यावर ती उपरी वाटत नाही.

मग हे वादक कोण? त्या काळी मुंबईतील वादकांचा मोठा वर्ग चित्रपटसंगीतावर जगत असे. तबकडीवर गायकाचे, गीतकाराचे आणि संगीत दिग्दर्शकाचे नाव येई. व्हायोलिन किंवा सारंगी वाजवणाऱ्याचे क्वचितच. सेबास्टियन डिसूझा यांच्यासारखा गोमंतकीय संगीत संयोजकही सामान्य श्रोत्याला अपरिचितच राहिला. ‘अमर अकबर अँथनी’च्या गाण्यातील अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे खरेखुरे व्हायोलिनगुरू होते, हे ते गाणे गुणगुणणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते?

पेजला ही अवस्था अनोळखी नव्हती. साठच्या दशकात तो स्वतः लंडनमध्ये भाडोत्री गिटारवादक होता. ‘गोल्डफिंगर’च्या शीर्षकगीतापासून ‘द हू’च्या पहिल्या गाजलेल्या गाण्यापर्यंत असंख्य ध्वनिमुद्रणांत त्याची गिटार आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांवर त्याचे नाव नव्हते. जोन्सची जडणघडणही त्याच धंद्यात झाली.

तरीही श्रेय देण्याच्या बाबतीत या वाद्यवृंदाचा लौकिक चांगला नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ‘होल लोटा लव्ह’साठी शिकागोचे कृष्णवर्णीय ब्लूज रचनाकार विली डिक्सन यांना १९८५ मध्ये न्यायालयात जावे लागले. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि त्यांचे नाव रचनाकारांत आले. ‘स्टेअरवे टू हेवन’चा खटला मात्र वाद्यवृंदाने जिंकला, २०२० मध्ये तो कायमचा मिटला.

मुंबईची ध्वनिफीत दरम्यान कपाटातच राहिली. १९७५ मध्ये ‘काश्मीर’ आले आणि पौर्वात्य वळणाचे रॉक म्हणून जगभर गाजले. त्याचे शब्द प्लांटला मोरोक्कोच्या वाळवंटी रस्त्यावर सुचले होते. काश्मीर त्यांच्यापैकी कुणीच पाहिले नव्हते. १९८० मध्ये बॉनमचा मृत्यू झाला आणि वाद्यवृंद विसर्जित करण्यात आला. १९९४ मध्ये पेज आणि प्लांट यांनी ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ पुन्हा ध्वनिमुद्रित केल्या. या वेळी त्यांनी इजिप्शियन वादकांना सोबत घेतले.

मुंबईची मूळ ध्वनिमुद्रणे चाहत्यांमध्ये चोरट्या प्रतींच्या रूपाने फिरत होती. अधिकृतपणे ती ३१ जुलै २०१५ रोजी ‘कोडा’च्या विस्तारित आवृत्तीत प्रसिद्ध झाली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. गीतसूचीत वादकांच्या जागी ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’ असा समूहवाचक उल्लेख आहे. तोवर विजय राघव राव यांना जाऊन साडेतीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.